ज्याचं जाळं बारीक, तो कड्याला

१

तेजश्रीच्या चार्टमधला एकही आकडा खोटा नव्हता. मी प्रत्येक आकडा मूळ तक्त्याशी ताडून पाहिला. तरीही तो चार्ट खोटा होता. त्या चार्टमुळे माझी बायको धारूर सोडून कड्याला गेली आणि तिथल्या भाड्याच्या खोलीत तापाने मेली.

मी धारूरच्या हायस्कूलमध्ये संगणक शिकवतो. तेजश्री त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्या संस्थेची एक शाळा पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कड्याला आहे. तिथे विज्ञानाला शिक्षक टिकत नव्हता. म्हणून संस्थेचे सचिव मोहनराव यांनी ठरवलं की धारूरच्या दोन विज्ञान शिक्षिकांपैकी जी कमी पडेल तिला कड्याला पाठवायचं. एक तेजश्री, दुसरी शाईस्ता.

कमी कोण पडलं हे ठरवायला सहा मुद्दे होते. विषयज्ञान, प्रयोग, वह्या तपासणी, वेळ पाळणं, पालकभेट आणि शाळेचे कार्यक्रम. प्रत्येकाला पाचपैकी गुण. हे सहा मुद्दे मी तेजश्रीलाच विचारून लिहिले होते. ती शेजारी बसून वह्या तपासत होती.

मोहनरावांना आकड्यांच्या रांगा वाचायचा कंटाळा. मला म्हणाले होते, "हनुमान, ते रकाने माझ्या म्होरं आणू नको. चित्र काढून दे. चित्र बघितलं की कळलं पायजे कोण कामाचं हाय आणि कोण न्हाई."

मी पायथॉन या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिली. ती गुणांचा तक्ता वाचते, एक्सेलची फाईल तयार करते, त्यात प्रत्येक शिक्षकाची वेगळी शीट घालते आणि शीटवर रडार चार्ट काढते. मधल्या बिंदूपासून सहा दिशांना सहा रेघा जातात. एकेक रेघ एकेका मुद्द्याची. जितके गुण, तितकं टोक लांब. टोकं जोडली की कोळ्याच्या जाळ्यासारखा आकार होतो आणि आतली जागा रंगाने भरते. एक्सेल आपल्या मनाने प्रत्येक चार्टची मोजपट्टी बदलतं, म्हणून शून्य ते पाच ही पट्टी मी स्क्रिप्टमध्येच पक्की केली होती. कोणावर अन्याय नको म्हणून.

बैठकीत मोहनराव एकेक कागद उजेडाकडे धरायचे. आकड्यांकडे कोणी बघायचं नाही. संस्थेचे बाकीचे सभासद माना हलवायचे. मोहनरावांचं एक वाक्य तेव्हापासून शाळेत सगळ्यांच्या तोंडी झालं. ज्याचं जाळं बारीक, तो कड्याला.

त्या वर्षी चार्ट निघाले तेव्हा मी धारूरमध्ये नव्हतो. लोकसभेच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणाला बीडला होतो. जाताना स्क्रिप्ट आणि गुणांचा तक्ता पेनड्राईव्हवर घातला. घरातून शाळेत काहीही जायचं ते तेजश्रीच्या पर्समधून जायचं, तसाच तोही गेला. शाळेचा क्लार्क बिभीषण याने स्क्रिप्ट चालवली आणि छापून काढलं.

निवडणूक झाली आणि तेजश्रीच्या बदलीचा हुकूम आला. तिचा चार्ट म्हणजे एक किडकिडीत चांदणी होती. मी भांडायला निघालो तर ती म्हणाली, "स्क्रिप्ट तुमची, बायको तुमची. तुम्ही बोंब मारली तर लोक काय म्हणतील? राहू द्या." मी राहू दिलं. जूनमध्ये ती गेली. दिवाळीच्या आधी तिला डेंग्यू झाला.

यंदा पुन्हा चार्ट काढायची वेळ आली. स्क्रिप्ट नीट चालते का हे पाहायला मी घरच्या लॅपटॉपवर गेल्या वर्षीचाच तक्ता घालून ती चालवली. तेजश्रीची शीट उघडली. समोर एक मोठं, भरलेलं जाळं होतं.

शाळेतली जुनी फाईल उघडून शेजारी ठेवली. तिथे चांदणी होती.

आकडे तेच. बाई तीच. जाळं मात्र दुसरं.

२

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये सहा मुद्द्यांची नावं एका ओळीत लिहिलेली आहेत. स्क्रिप्ट त्या नावावरून तक्त्यातला गुण उचलते. नावं पुढेमागे केली तरी गुण बरोबर आपापल्या नावाखालीच येतात, त्यामुळे काही बिघडलंय असं कुठेच दिसत नाही. फक्त रेघांचा क्रम बदलतो.

माझ्या क्रमात आधी वर्गातले तीन मुद्दे होते, मग वर्गाबाहेरचे तीन. शाळेतल्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी ते एकाआड एक लावले होते. वर्गातला एक, बाहेरचा एक.

तेजश्रीला वर्गातल्या तिन्ही मुद्द्यांत पाचपैकी पाच होते. बाहेरच्या तिन्हींत दोन-तीन. तीन लांब टोकं शेजारी शेजारी आली की त्यांच्यामधली जागा भरते आणि जाळं मोठं दिसतं. लांब टोकाच्या दोन्ही बाजूंना आखूड टोकं आली की ते नुसतं काट्यासारखं बाहेर येतं. मध्ये काही भरत नाही. शाईस्ताला सहाही मुद्द्यांत साधारण सारखे गुण होते. तिचं जाळं कोणत्याही क्रमात गोलच येतं. बेरीज तेजश्रीची जास्त होती. पण बेरीज कोण बघतंय?

म्हणजे ज्याने हे केलं त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. दोघींचे गुण चार्ट निघायच्या आधी ठाऊक होते. आणि क्रम बदलला की जाळं बदलतं हेही.

माझा संशय मुख्याध्यापक बजरंग सरांवर गेला. त्यांचं आणि तेजश्रीचं प्रयोगशाळेवरून बिनसलं होतं. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवून घेतली होती. गुणांचा तक्ता त्यांच्या सहीने माझ्याकडे आला होता. मी मोहनरावांकडे तक्रार केली. लिहिलं की मुख्याध्यापकाने सुडाने चार्ट फिरवला आणि माझ्या बायकोला मरणाच्या दारात पाठवलं.

मोहनरावांचा फोन आला. "बजरंग्या तसाबी मला नको झालाय. दर बैठकीत मधी बोलतो. तू नुसतं सिद्ध कर हनुमान. सोमवारी बीडला समिती बसवतो. त्याला तिथूनच घरी पाठवू. रिटायर व्हायला आलाय, पेन्शनला बोंबलत बसंल."

"चालेल," मी म्हणालो.

मला तेच हवं होतं. तेजश्री गेल्यापासून मला एक तोंड हवं होतं, ज्याच्याकडे बघून म्हणता येईल की हिला याने मारलं. डासाकडे बघून किती दिवस म्हणणार?

३

सिद्ध कसं करायचं याचा विचार केला. मी तेजश्रीचे आकडे घेऊन दोन चार्ट छापले. एक माझ्या क्रमाचा, एक बदललेल्या क्रमाचा. वर नाव घातलं नाही. ठरवलं की एकेकाला हे दाखवून विचारायचं, यातला शिक्षक कोणता चांगला? ज्याला हा डाव ठाऊक नाही तो मोठ्या जाळ्यावर बोट ठेवेल. ज्याला ठाऊक आहे तो अडखळेल.

आधी बिभीषणला गाठलं. तो ऑफिसात टेबलावर पाय घेऊन बसला होता.

"ह्यातला कोणता चांगला?" मी विचारलं.

"ही कसली परीक्षा सर? बीएड करायलाव का माझं?"

"सांग की."

"ह्यो मोठा. आंधळ्याला बी कळंल." त्याने मोठ्या जाळ्यावर बोट ठेवलं. "दुसरा कुणाचा हाय? माझ्या मेव्हण्याचा दिसतोय."

"गेल्या वर्षी स्क्रिप्टमध्ये काही बदललंस का?"

त्याचं हसू गेलं. पाय खाली आले. "सर, आईची शप्पत. म्या फकस्त ती काळी खिडकी उघडतो, तुमी लिहून दिलेलं टाकतो आणि एंटर मारतो. एकदा तुमच्या त्या फाईलीत एक स्वल्पविराम हालला माझ्या हातून, तर लाल लाल काय काय आलं. तवापासून हात लावायचं नाव न्हाई."

"दुसऱ्या कोणी लावला?"

"पेनड्राईव्ह आला, घातला, छापलं. बजरंग सर हितं उभे होते. कागद हातात घेऊन गेले. कुणी बसलंच न्हाई मशिनीवर."

"पेनड्राईव्ह आल्यापासून कुणीच नाही?"

"मॅडमनी माझ्या हातात दिला तवा दुपारची सुट्टी चालू होती सर. सुट्टी संपायच्या आत छापून झालं बी. कवा बसंल कुणी?"

मला ते पटलं नाही. बिभीषण कामचुकार माणूस. मशीन सोडून तो चहाला गेला असणार आणि त्या वेळात बजरंग सर तिथे बसले असणार, असं मी धरून चाललो. माणसाला जे हवं असतं ते त्याला बरोबर दिसतं.

४

बजरंग सरांच्या खोलीत गेलो तेव्हा त्यांना तक्रारीचं कळलेलं होतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. बसा म्हणाले नाहीत.

"हनुमान सर, मी सगळं आयुष्य ह्या शाळेत घातलं. माझ्या तोंडावर येऊन बोलायचं होतं."

"आता आलोय. ह्या दोन चार्टांतला कोणता चांगला?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि दोन्ही कागद नीट पाहिले. मला वाटलं आता अडकले. पण ते म्हणाले, "हा मोठा चांगलाच आहे. पण हा बारीक वाईट म्हणता येत न्हाई. तीन विषयांत बिचारा पैकीच्या पैकी आहे. बाकीच्यात मार खातोय. मेहनत केली तर तो बी भरंल."

"दोन्हींतले आकडे एकच आहेत."

ते पुन्हा पाहायला लागले. बोटाने एकेक टोक मोजलं. ओठ हलत होते. मग मान वर केली. तोंडावर भीती नव्हती. गणित चुकलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं. इतकं खोटं तोंड या माणसाला करता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी सोडलं नाही.

"प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतलीत. तिला छळलंत."

"कोण म्हणलं तुम्हाला मी काढून घेतली?"

"सगळी शाळा म्हणते."

"सगळ्या शाळेला काय?" त्यांचा आवाज चढला. "तिनंच आणून दिली. शाळा सुटली की पोरी प्रयोगाला थांबायच्या आणि तिला घरी पळावं लागायचं. पोरी रोज विचारायच्या, मॅडम आज? म्हणली, सर, किल्ली माझ्याजवळ असली की त्या आशेनं बघतेत. तुमच्याकडं ठेवा, म्हणजे तुमच्यामुळं बंद आहे असं सांगता येईल. मी म्हणलं, ठेव बाई. माझ्या नावावर एक शिवी जास्तीची."

मी बाहेर आलो. व्हरांड्यात उभा राहून मोहनरावांना दोन्ही चार्टांचे फोटो पाठवले आणि कोणता चांगला असं विचारलं. त्यांचा आवाजी निरोप आला, मागे गाडीचा हॉर्न वाजत होता. "डावीकडला. आन हे इचारायची गोष्ट हाय का बे? सोमवारची तयारी कर."

डावीकडचा मोठा होता. तिघांनीही मोठ्यावरच बोट ठेवलं. आता एकच माणूस उरलं होतं, आणि बदली त्याचीच वाचली होती.

५

शाईस्ता मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत वह्या तपासत होती. मी दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले.

"यातला कोणता चांगला?"

तिने पेनचं टोपण लावलं. कागदांना हात लावला नाही.

"दोन्ही एकच हायेत सर. क्रम तेवढा बदललाय."

सापडलं, असं वाटलं. "तुला कसं कळलं? बजरंग सरांना कळलं नाही, मोहनरावांना कळलं नाही."

"मला दाखवलं होतं. ह्याच टेबलावर, खडूनं काढून."

"कोणी?"

ती उठली. दार लोटून घेतलं. परत येऊन बसली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मॅडमनी," ती म्हणाली. "तुमच्या घरच्यांनी."

६

मी तिला काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं म्हणालो की जी बाई उत्तर द्यायला जिवंत नाही तिच्यावर ढकलायला सोपं असतं. बदली तुझी वाचली, तुझं घर भरलेलं आहे, माझं रिकामं झालं.



"वाचली की. म्हणून तर आजवर तोंड उघडलं न्हाई," ती म्हणाली. "मी मॅडमला म्हणलं होतं, मी जाते कड्याला. आष्टीला माझे मामू राहतेत, कडा तिथून जवळ, मला जड न्हाई. तर म्हणल्या, शाईस्ता, तू गप बस. मला पायजे ते."

"बदली पाहिजे होती तर अर्ज करून मागायची. मोहनरावांनी आनंदाने दिली असती."

"सर, तुमी खरंच इचारायलाव का?" तिने माझ्याकडे पाहिलं. "बाईनं आपणहून घर सोडून लांब राहायची बदली मागितली तर गाव काय म्हणतं? तुमच्या आई काय म्हणल्या असत्या? तुमी काय म्हणला असता? हुकूम आला की सगळे गप. बिचारीला पाठवलं, म्हणतेत. पिशव्या उचलून गाडीत बसवून देतेत."

"गुण कमी करून घ्यायचे मग. एवढं कशाला?"

"म्या बी तेच म्हणलं. चिडल्या माझ्यावर. म्हणल्या, एकाही आकड्याला हात लावणार न्हाई. जे मिळवलंय ते तसंच दिसलं पायजे. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं."

घंटा झाली. ती वह्या उचलून वर्गावर गेली.

मला अजून वाटत होतं की ती खोटं बोलते आहे. पण जाता जाता एक गोष्ट डोक्यात आली. शाईस्ता खोटं बोलत असेल तर हुकूम यायच्या आधी तेजश्रीला आपण कड्याला जाणार हे ठाऊक असायचं कारण नाही. आणि ती खरं बोलत असेल तर ठाऊक असणार. हे धारूरमध्ये बसून कळणार नव्हतं. कड्याला एक माणूस होतं ज्याला या सगळ्यात काहीच मिळवायचं नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. बीडला गाडी बदलली.

७

तेजश्रीची खोली साखर कारखान्याच्या रस्त्याला, जैनबबी नावाच्या बाईंच्या घरामागे होती. त्यांच्या नवऱ्याचा फळांचा गाडा आहे. तापाच्या दिवसांत तेजश्रीला नगरच्या दवाखान्यात यांनीच नेलं होतं. मला फोन यांनीच केला होता.

"भाईजान, बसा. तुमी आलाव ते बरं झालं," जैनबबी म्हणाल्या. खोलीला आता दुसरं भाडेकरू होतं. दाराशी बारक्या चपला होत्या.

मी सरळ विचारलं, "तेजश्रीने खोली कधी घेतली?"

"घेतली मिरगाच्या टायमाला. बघून मात्र लई आधी गेलत्या."

"किती आधी?"

"आमचे रोजे चालू होते. ऊन लई होतं. मी म्हणलं, बाई पाणी घ्या. तर म्हणल्या, तुमी पीत न्हाई तर मला बी नको. तसंच सुकल्या तोंडानं खोली बघितली. खिडकी उघडून बघितली. म्हणल्या, जूनमध्ये येते, कुणाला देऊ नका. मी म्हणलं बदली झाली का? तर हसल्या. म्हणल्या, होईल."

रमजान संपून ईद झाली, त्यानंतर मी प्रशिक्षणाला गेलो. त्यानंतर पेनड्राईव्ह शाळेत गेला. म्हणजे रोजे चालू असताना चार्ट नव्हताच. हुकूम तर फार लांब. त्या दिवसांत एकदा तेजश्री दहावीच्या पेपरच्या कामाला बीडला जाते म्हणून गेली होती आणि उशिरा आली होती. स्वयंपाक थांबला म्हणून माझी आई, बायनाबाई, तिच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. मला ते सगळं आठवलं. दमलेली होती, पण त्या रात्री तिचा चेहरा चांगला होता. मी कारण विचारलं नव्हतं.

तर बिभीषणने खरं सांगितलं होतं. शाळेत कोणी मशिनीवर बसलंच नाही. क्रम पेनड्राईव्हवर आधीच बदललेला होता. तो घरी, माझ्याच लॅपटॉपवर बदलला होता. पेनड्राईव्हवरची स्क्रिप्ट उघडायची, सहा नावं एकाआड एक करायची आणि जपून ठेवायची. लॅपटॉपमधली मूळ फाईल तिने तशीच राहू दिली. दोघींचे गुण तिला माहीत होते, तक्ता भरताना ती माझ्या शेजारी बसली होती. क्रम बदलला की काय होतं हे विज्ञानाच्या शिक्षिकेला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"इथे कशी राहायची?" मी विचारलं.

"मजेत. शाळा सुटली की पोरी घेऊन ओट्यावर बसायच्या. मेणबत्त्या, बाटल्या, इष्टोवरचा भगुना. एकदा माझ्या सरबताच्या बाटल्या फोडल्या. मी भांडले तर पोरींसंगट खिदळायला लागल्या. पोरींचे मायबाप येऊन बसायचे इथं, गप्पा मारायचे, च्या प्यायचे."

पालकभेटीत तिला दोन गुण होते.

"मी एकदा इचारलं," जैनबबी म्हणाल्या, "बाई, घरची याद येत न्हाई का तुमाला? तर म्हणल्या, येते की. पण हितं कुणी हाक मारत न्हाई."

त्यांना वाटलं मला कळलं नाही. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. मी त्यांना थांबवलं नाही.

८

सोमवारी बीडला संस्थेच्या ऑफिसात समिती बसली. मोहनराव मधल्या खुर्चीवर. दोन्ही बाजूंना सभासद. बजरंग सर समोर बाकावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेजारी त्यांची बायको आली होती. तिला आत येऊ द्यायचं नव्हतं, पण ती आली आणि कोणी काही म्हणालं नाही.

"बोल हनुमान," मोहनराव म्हणाले. "पुरावा आणलाय का?"

पुरावा होता. दोन्ही चार्ट, दोन्ही स्क्रिप्ट. मी ते टेबलावर ठेवून 'मुख्याध्यापकांच्या ताब्यात मशीन होतं' एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. कोणी पुढचं विचारलं नसतं. शाईस्ता काही बोलणार नव्हती. जैनबबी कड्याला होत्या. बजरंग सर आपल्या हातांकडे बघत होते. मला एक तोंड हवं होतं आणि ते माझ्यासमोर होतं.

"क्रम बदलला होता," मी म्हणालो. "कोणी बदलला ते सापडलं."

"हं. नाव घे."

"तेजश्रीने."

मोहनरावांना वाटलं मी अर्धवट बोललो. "तेजश्रीचा बदलला, ते ठाव हाय. बदलला कुणी?"

"तिनेच. माझ्या लॅपटॉपवर. बजरंग सरांचा काही संबंध नाही. तक्रार मागे घेतो."

एक सभासद हसला आणि मग खोकल्यासारखं केलं. मोहनराव पुढे वाकले. त्यांचा डाव फिसकटला होता आणि ते माझ्यावर चिडले होते. "अरे पण कावून? सवताचं जाळं सवताच कोण बारीक करतं? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"तिला जायचं होतं."

"जायचं होतं तर अर्ज करायचा! मी काय न्हाई म्हणलो असतो?"

"अर्ज तिने केला असता," मी म्हणालो, "आणि तुम्ही फोन मला केला असता."

मोहनराव खुर्चीत मागे टेकले. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. त्या टेबलाभोवती बसलेल्या एकाही माणसाने मान वर केली नाही. बजरंग सरांच्या बायकोने मात्र केली. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर दया नव्हती. तिला सगळं कळलं होतं.

तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. शिपायाने चहा आणला, तो मी घेतला नाही.

बसस्टँडवर बजरंग सर मागून आले. घाईने चालल्यामुळे त्यांना धाप लागली होती. बायको लांब, सावलीत थांबली होती.

"हनुमान सर," ते म्हणाले, "लई उपकार झाले. तुमच्या जागी दुसरा असता तर मला..."

"उपकार म्हणू नका सर."

"न्हाई, तुमी खरं बोललात. सोपं नव्हतं."

"मी इतके दिवस रोज देवाला म्हणत होतो की हे तुम्हीच केलेलं असू दे," मी म्हणालो. "अजूनही तसंच वाटतं. तुम्ही केलं असतं तर फार बरं झालं असतं."

धारूरची गाडी लागली. ते आणि त्यांची बायको पुढच्या बाकावर बसले. मी पार मागे जाऊन बसलो.